एसएसएचची मांडणी ॲन्सिबलकडे सोपवताना : वाचकांचे प्रश्न

लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची एसएसएच सेवा हाताने मांडावी की ॲन्सिबलसारख्या, अनेक सर्व्हरची मांडणी एकाच जागेवरून करणाऱ्या साधनाकरवी, याविषयीची पत्रे गेल्या काही अंकांपासून साचत आली होती. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही पत्रे लांब होती, त्यामुळे प्रश्नांचा आशय कायम ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीत उबुंटूचे तीसेक सर्व्हर आहेत. प्रत्येकावरची एसएसएचची कॉन्फिग फाइल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसाने बदललेली आहे. हे सगळे एकसारखे करायला एखादी शेल स्क्रिप्ट पुरेल, की ॲन्सिबल किंवा पपेट यांपैकी काही शिकावेच लागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काम खरोखर एकदाच करायचे असेल तर स्क्रिप्ट पुरते. पण आपण वर्णन केलेला पसारा एकदा आवरून संपणारा नाही. उद्या कोणीतरी रात्री अडचण आली म्हणून एका सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन तात्पुरते सुरू करील, ते बंद करायला विसरेल आणि सहा महिन्यांनी आपण पुन्हा याच जागी असाल. स्क्रिप्ट ‘ही ओळ घाला’ असे सांगते, आणि नीट लिहिलेली नसेल तर दुसऱ्यांदा चालवल्यावर तीच ओळ पुन्हा घालते. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचे साधन ‘ही ओळ अशी असली पाहिजे’ असे सांगते, आणि ती तशी असेल तर फाइलला हात लावत नाही. म्हणूनच ते दर आठवड्याला निर्धास्तपणे चालवता येते, आणि कोणता सर्व्हर वाट सोडून गेला आहे हे आपोआप कळते. ही कल्पना जुनीच आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात सीएफइंजिन लिहिले ते याच गरजेतून. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल आले.

तीस सर्व्हरसाठी मी ॲन्सिबल सुचवीन, कारण त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट (सतत चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथॉन असले की काम चालते. मात्र या सोयीतच एक पेच आहे आणि खालच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ त्यात आहे. ॲन्सिबल ज्या दारातून आत येते, तेच दार आपण त्याला दुरुस्त करायला सांगत असतो. पपेटचा एजंट सर्व्हरवरच राहतो, ठरावीक वेळाने (मूळ मांडणीत दर ३० मिनिटांनी) स्वतःहून मुख्य यंत्राशी संपर्क साधतो आणि हा संपर्क एसएसएचवरून होत नाही. त्यामुळे एसएसएच बिघडली तरी पुढच्या फेरीत पपेट ती सुधारू शकते. ॲन्सिबलला ही संधी नसते. म्हणून ॲन्सिबल निवडले तर क्रम आणि चाचणी यांची काळजी अधिक घ्यावी लागते, एवढे गृहीत धरून चालावे.

प्रश्न : प्लेबुकमधून (ॲन्सिबलला द्यायच्या कामांच्या यादीतून) सर्व सर्व्हरवर ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ ही पासवर्डने लॉगिन बंद करणारी ओळ घातली, सेवा रीस्टार्ट केली आणि प्लेबुकने सगळीकडे काम यशस्वी झाल्याचे दाखवले. तरीही काही सर्व्हर अजून पासवर्ड विचारतात आणि बरोबर पासवर्ड दिला की आत घेतात. फाइल उघडून पाहिली तर ओळ जागच्या जागी आहे. चूक कोठे असावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : या विषयावर सर्वांत जास्त पत्रे याच तक्रारीची येतात. प्लेबुक खोटे बोललेले नाही. फाइलमध्ये ओळ आहे का, एवढेच आपण त्याला पाहायला सांगितले होते आणि ती आहे. सर्व्हर त्या ओळीचे ऐकतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारलेलाच नाही.

एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलचा नियम असा की, एखाद्या सेटिंगची जी किंमत वाचताना प्रथम आढळते तीच धरली जाते. नंतर आलेल्या ओळी दुर्लक्षित राहतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शेवटची ओळ जिंकते, त्यामुळे हा नियम भल्याभल्यांना चकवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.२ या आवृत्तीत ‘इन्क्लूड’ची सोय झाली. तेव्हापासून उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये अगदी वरच्या भागात अशी ओळ असते की, शेजारच्या ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ या फोल्डरमधील सर्व तुकडे आधी वाचावेत. त्या फोल्डरमध्ये ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची छोटी फाइल सापडते. सर्व्हर बसवताना पासवर्ड लॉगिनला होकार दिलेला असेल, तर तिच्यात ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ एवढी एकच ओळ असते. ती आधी वाचली जाते आणि आपण मुख्य फाइलच्या तळाशी लिहिलेला ‘नो’ निष्प्रभ ठरतो. आपल्या काही सर्व्हरवर हे घडते आणि काहींवर नाही, याचे कारण बहुधा ते वेगवेगळ्या पद्धतीने बसवले गेले, हेच असावे.

यावर उपाय म्हणून मुख्य फाइलला हात न लावता आपला स्वतःचा एक तुकडा त्याच फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्याचे नाव ‘००’ किंवा ‘०१’ अशा अंकांनी सुरू करावे. तुकडे नावांच्या क्रमाने वाचले जातात, त्यामुळे तो ‘५०’ च्या आधी येतो. हा तुकडा ॲन्सिबलच्या ‘लाइनइनफाइल’ या सोयीने एकेक ओळ जोडून घडवू नये, ‘टेम्प्लेट’ने संपूर्ण लिहावा. ओळी जोडण्याच्या पद्धतीत आपण सांगितलेल्या ओळींची हमी मिळते, पण दुसऱ्या कोणी घातलेल्या ओळींबद्दल ती काहीच सांगत नाही. संपूर्ण फाइल लिहिली की तिच्यात काय आहे आणि काय नाही, या दोन्हींची हमी मिळते. ‘टेम्प्लेट’ला ‘व्हॅलिडेट’चा पर्याय देता येतो. त्यात एसएसएचडीचाच (एसएसएच सर्व्हरच्या प्रोग्रामचाच) लहान ‘टी’ हा पर्याय लिहावा, म्हणजे टंकलेखनाची चूक असलेला तुकडा जागेवर ठेवलाच जात नाही.

दुसरे कारणही तपासून पाहावे. पासवर्ड विचारण्याच्या वाटा दोन आहेत. ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ ही एक झाली. ‘केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन’ ही दुसरी, जिचे जुने नाव ‘चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन’ असे होते. दुसरी वाट उघडी असेल आणि पॅम (लिनक्सची ओळख तपासणारी यंत्रणा) सुरू असेल, तर पहिली बंद करूनही सर्व्हर पासवर्ड मागतो, आणि वापरणाऱ्याला दोहोंतला फरक पडद्यावर जवळजवळ कळतही नाही. डेबियन आणि उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये ती बंद असते, पण दोन टप्प्यांच्या लॉगिनचा प्रयोग कधी झाला असेल तर ती उघडलेली आढळते. आपल्या तुकड्यात दोन्ही ओळी स्पष्टपणे लिहाव्यात.

आता मुख्य मुद्दा. एसएसएचडीला मोठा ‘टी’ हा पर्याय दिला की, सर्व फाइली वाचून झाल्यावर अंतिमतः लागू होणारी प्रत्येक सेटिंग तो छापून दाखवतो. प्लेबुकच्या शेवटी हा आदेश चालवावा, त्याच्या उत्तरात ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ आहे का हे ‘असर्ट’ने तपासावे, आणि नसेल तर प्लेबुक तेथेच अपयशी ठरवावे. तपासणीपुढे ‘चेंज्ड व्हेन : फॉल्स’ लिहायला विसरू नये, नाही तर प्रत्येक फेरीत काहीतरी बदलल्याचा आभास होतो. फाइलमध्ये ‘मॅच’चे विभाग (ठरावीक व्यक्ती किंवा पत्त्यांपुरते नियम) असतील तर केवळ मोठा ‘टी’ पुरत नाही. सोबत मोठ्या ‘सी’ पर्यायाने वापरकर्त्याचे नाव आणि पत्ता देऊन त्या व्यक्तीसाठी काय लागू होते हे विचारावे लागते.

याहून भक्कम पुरावा हवा असेल तर बाहेरून दार ठोठावून पाहावे. कंट्रोल मशीनवरून (ज्या यंत्रावर ॲन्सिबल चालते तेथून) पब्लिक की (पासवर्डऐवजी किल्लीवजा फाइलने ओळख पटवण्याची पद्धत) बंद ठेवून फक्त पासवर्डने लॉगिनचा प्रयत्न केला की ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर येते. त्यापुढे कंसात सर्व्हर अजून कोणत्या पद्धती स्वीकारतो याची यादी असते. तेथे केवळ ‘पब्लिककी’ दिसली पाहिजे. सोबत ‘पासवर्ड’ किंवा ‘कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह’ दिसले, तर काम अजून बाकी आहे.

प्रश्न : एसएसएचच्या सेटिंग बदलताना स्वतःच बाहेर अडकण्याची भीती वाटते. आमचे सर्व्हर दुसऱ्या शहरातील डेटा सेंटरमध्ये आहेत आणि तेथे जाऊन कन्सोल जोडणे सोपे नाही. प्लेबुक लिहिताना कोणती खबरदारी घ्यावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भीती रास्त आहे. सुरुवात क्रमापासून करू. ‘अलाउग्रुप्स’ वापरून लॉगिनचा अधिकार एका गटापुरता ठेवणार असाल, तर आधी गट तयार करावा, मग ॲन्सिबल ज्या खात्याने आत येते ते खाते त्या गटात घालावे, त्या खात्याची की जागेवर आहे आणि सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने आदेश चालवण्याची सोय) चालते हे पाहावे, आणि त्यानंतरच कॉन्फिगचा तुकडा ठेवावा. माणसांची खाती गटात घालून स्वयंचलित खाते तेवढे राहून जाणे, हा प्रकार फार वेळा घडतो.

त्यानंतर चाचणी, आणि येथे एक छुपा खड्डा आहे. ॲन्सिबल प्रत्येक कामासाठी नवे लॉगिन करत नाही. वेग यावा म्हणून ते एकदा उघडलेली जोडणी काही काळ उघडी ठेवते. मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद. एसएसएचची सेवा रीलोड किंवा रीस्टार्ट केली तरी आधी सुरू असलेली सत्रे तुटत नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की असे होते : प्लेबुक सेवा रीलोड करते, लगेच ‘पिंग’चे (आत जाऊन उत्तर मिळते का हे पाहण्याचे) काम करून पाहते, ते काम जुन्याच जोडणीवरून आत जाते आणि यशाचा निर्वाळा मिळतो. प्रत्यक्षात नव्याने आत येणाऱ्यांसाठी दार बंद झालेले असू शकते. म्हणून तुकडा ठेवल्यावर आधी ‘मेटा : फ्लश हँडलर्स’ने रीलोड तेथल्या तेथे करून घ्यावे (नाही तर हँडलर, म्हणजे बदल झाल्यावर करायची रीलोडसारखी कामे, प्लेच्या शेवटी चालतात), मग ‘मेटा : रीसेट कनेक्शन’ने जुनी जोडणी तोडावी आणि त्यानंतरच ‘पिंग’ करावे. काही जण ‘वेट फॉर’ने २२ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे का एवढेच पाहतात. पोर्ट उघडे असणे आणि लॉगिन होणे यांत अंतर आहे.

एवढे करूनही चुकले तर? त्यासाठी परतीची वेळ आधीच लावून ठेवावी. तुकडा ठेवण्यापूर्वीच्या कामात सिस्टमडी या लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेतील ‘सिस्टमडी-रन’च्या साहाय्याने दहा मिनिटांनी चालणारा एक टायमर लावावा, जो आपला तुकडा काढून टाकील आणि सेवा रीलोड करील. नव्या जोडणीवरून ‘पिंग’ यशस्वी झाले की पुढचे काम तो टायमर रद्द करते. अडकलात तर दहा मिनिटे थांबावे, सर्व्हर पूर्वस्थितीत येतो. आधीच्या उत्तरात मुख्य फाइलला हात लावू नका असे म्हटले, त्याचा लाभ येथे दिसतो, कारण एकच फाइल काढली की सगळे पूर्ववत होते. रूटचे लॉगिन किंवा फायरवॉलचे नियम याच फेरीत बदलले असतील, तर मात्र त्यांची परतीची वाट स्वतंत्रपणे लिहावी लागेल. म्हणून एका फेरीत एकच गोष्ट बदलणे शहाणपणाचे.

प्लेबुकच्या डोक्यावर ‘सिरियल : १’ लिहावे, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर घेतला जातो. पहिला सर्व्हर अपयशी ठरला की प्लेबुक तेथेच थांबते आणि उरलेल्या सर्व्हरना धक्का लागत नाही. त्याआधी ‘चेक’ आणि ‘डिफ’ हे पर्याय देऊन कोरडी फेरी घ्यावी आणि फरक डोळ्यांनी वाचावा. नुसत्या ‘ओके’च्या रांगा पाहून पुढे जाऊ नये.

पोर्ट बदलण्याचा विचार असेल तर माझे मत सांगतो : लॉगमधील यांत्रिक ठोकाठोक त्याने कमी होते, सुरक्षितता फारशी वाढत नाही आणि अडकण्याच्या वाटा मात्र वाढतात. रेड हॅटच्या घराण्यातील सर्व्हरवर नवे पोर्ट एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेला आधी कळवावे लागते, नाही तर एसएसएचडी ते उघडूच शकत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये पोर्टवर कान ठेवण्याचे काम एसएसएचडीऐवजी सिस्टमडीचे सॉकेट करते, त्यामुळे सेवा रीलोड करून पोर्ट बदलत नाही. सिस्टमडी रीलोड करून ते सॉकेट रीस्टार्ट करावे लागते. सेवेचे नावही डेबियन-उबुंटूवर ‘एसएसएच’ आणि रेड हॅटकडे ‘एसएसएचडी’ असते, तेव्हा इन्व्हेंटरीत (सर्व्हरच्या यादीत) दोन्ही प्रकार असतील तर ते नाव व्हेरिएबलमध्ये ठेवावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर काम करणारा एक तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला. प्लेबुकमधील यादीतून त्याची की काढून प्लेबुक पुन्हा चालवले. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुरेसे नाही, बहुधा काहीच बदललेले नाही. यादीतील प्रत्येक की सर्व्हरवर असावी, एवढे प्लेबुक पाहते. यादीतून नाव गेले याचा अर्थ त्या कीबद्दल आता प्लेबुकचे काही म्हणणे नाही, इतकाच होतो. सर्व्हरवरची की जागेवर राहते. ती काढण्यासाठी यादीत नाव ठेवून ‘स्टेट : ॲब्सेंट’ लिहावे लागते, किंवा ‘ऑथराइज्ड की’ मॉड्यूलचा ‘एक्सक्लुझिव्ह’ पर्याय वापरावा लागतो, जो दिलेल्या कीखेरीज बाकी सर्व पुसून टाकतो. मात्र ‘एक्सक्लुझिव्ह’ आणि लूप एकत्र वापरू नयेत. लूपची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीने ठेवलेली की पुसते आणि शेवटी यादीतील अखेरची एकच की उरते. सर्व की एकाखाली एक लिहून एकाच मजकुरात द्याव्यात.

याच्याही पुढे जाऊन विचार करावा लागेल. त्या तंत्रज्ञाला सुडोचा अधिकार होता, तर त्याने कामाच्या ओघात रूटच्या किंवा एखाद्या सामायिक खात्यात आपली की ठेवलेली असू शकते, आणि त्यात दुष्ट हेतू असण्याचेही कारण नाही. त्यामुळे त्याचे खाते बंद केले तरी ती वाट उरते. शिवाय की काढल्याने त्या क्षणी सुरू असलेले सत्र तुटत नाही. ते वेगळे संपवावे लागते. कायमचा बंदोबस्त म्हणून मी असे सुचवीन की, ‘ऑथराइज्डकीजफाइल’ या सेटिंगने सर्वांच्या की प्रत्येकाच्या होम फोल्डरमधून काढून रूटच्या मालकीच्या एका सामायिक फोल्डरमध्ये आणाव्यात, जेथे प्रत्येक खात्याच्या नावाची एक फाइल असेल. मग सामान्य खातेदाराला स्वतःच्या किंवा सामायिक खात्यात गुपचूप की घालता येत नाही, आणि तो फोल्डर पूर्णपणे प्लेबुकच्या ताब्यात राहतो. आधी की नव्या जागी न्याव्यात आणि मगच सेटिंग बदलावी. नागपूरच्या वाचकांना दिलेले उत्तर येथेही लागू आहे.

माणसांची ये-जा अधिक असेल तर ओपनएसएसएचच्या सर्टिफिकेटचा विचार करावा. २०१० मध्ये ५.४ या आवृत्तीपासून ही सोय आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी वापरात यायला हवी होती तेवढी आलेली नाही. यात सर्व्हरवर व्यक्तींच्या की नसतात. सही करणाऱ्या एका प्राधिकरणाची पब्लिक की तेवढी असते. तंत्रज्ञाला त्याच्या कीवर, समजा, आठ तासांच्या मुदतीची सही मिळते. तो सोडून गेला की पुन्हा सही द्यायची नाही, आणि एकाही सर्व्हरला हात लावावा लागत नाही. प्राधिकरणाची प्रायव्हेट की मात्र कंट्रोल मशीनवर किंवा गिटमध्ये ठेवू नये. ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे सर्व्हर खुले होतील.

प्रश्न : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमांमुळे लॉग जपून ठेवावे लागतात असे लेखापरीक्षकांनी सांगितले. एसएसएचच्या प्लेबुकमध्ये यासाठी काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपावे लागतात, निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. प्लेबुकमध्ये याचा अर्थ तीन कामे : घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीची मांडणी, लॉग सांभाळणाऱ्या लॉगरोटेट आणि जर्नल यांच्या मुदती, आणि लॉगची एक प्रत लगेच दुसऱ्या यंत्रावर पाठवणे. तिसरे काम टाळू नये, कारण आत शिरलेला माणूस रूट झाला तर त्याच सर्व्हरवरचे लॉग तो सर्वप्रथम पुसतो. यशस्वी लॉगिनच्या नोंदीत कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) येतो, त्यामुळे सामायिक खाते असले तरी कोणाच्या कीने प्रवेश झाला हे शोधता येते. मात्र कोणता फिंगरप्रिंट कोणाचा, ही यादी आपल्याकडे असली पाहिजे, आणि की प्लेबुकमधूनच जात असतील तर ती आपोआप तयार असते.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधील त्रुटीची मोठी चर्चा झाली होती. अशा प्रसंगी ॲन्सिबलचा उपयोग कसा करावा? आम्ही सर्व सर्व्हरची आवृत्ती गोळा केली, पण त्यातून निष्कर्ष काढता आला नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर : आपण म्हणता ती ‘रीग्रेशन’ नावाने गाजलेली त्रुटी, क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. क्वालिस या कंपनीने ती १ जुलै २०२४ रोजी जाहीर केली. २००६ मध्ये दुरुस्त झालेला दोष ८.५ या आवृत्तीत नकळत परत आला होता आणि ९.८ मध्ये तो पुन्हा दूर झाला. निष्कर्ष निघाला नाही याचे कारण असे की, डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे मूळ आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवून दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. म्हणून ओपनएसएसएचने स्वतःबद्दल सांगितलेला ‘८.९’ किंवा ‘९.२’ हा आकडा उपयोगी नाही. ‘पॅकेज फॅक्ट्स’ मॉड्यूलने पॅकेजचा पूर्ण क्रमांक घ्यावा, शेवटच्या शेपटासह, आणि तो त्या वितरणाच्या सुरक्षा सूचनेतील क्रमांकाशी ताडून पाहावा.

दुरुस्ती येईपर्यंत ‘लॉगिनग्रेसटाइम’ (लॉगिन पूर्ण करायला दिलेली मुदत) शून्य, म्हणजे अमर्याद, करण्याचा तात्पुरता तोडगा तेव्हा सुचवला गेला होता. त्याने आत शिरण्याचा धोका टळत होता, पण लॉगिन पूर्ण न करणाऱ्या जोडण्या कधीच न तुटल्यामुळे कोणीही सर्व्हरच्या जागा अडवून ठेवू शकत होता. असा तोडगा वेगळ्या तुकड्यात, वेगळ्या नावाने ठेवावा आणि पॅकेज अद्ययावत झाल्यावर तो तुकडा ‘स्टेट : ॲब्सेंट’ करणारे काम त्याच दिवशी लिहून ठेवावे. आपल्या सर्व्हरवर मोठा ‘टी’ चालवून पाहा. ‘लॉगिनग्रेसटाइम ०’ अजून छापले जात असेल, तर तो तोडगा काढायचा राहिला आहे.